पाण्याचे शोषणपट्टे वाचताना

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाहून सोयाबीन बाजारात नेले की भावाच्या आधी मॉइश्चर, म्हणजे दाण्यातला ओलावा, निघते आणि ते १२ टक्क्यांच्या वर गेले की भाव पडतो. म्हणूनच एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पाण्याचा निकट-अवरक्त वर्णपट निवडला, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातल्या कोणत्या तरंगलांबी पाणी शोषते याचा आलेख. बाबांनी एवढेच विचारले, “दाण्यातलं पानी त्या मशीनले दिसते काय रे?”

पहिला वर्णपट मी १ सेंटिमीटर जाडीच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये, म्हणजे नमुना ठेवायच्या पारदर्शक कुपीत, घेतला. ९७० आणि ११९० नॅनोमीटरजवळ दोन स्वच्छ उंचवटे आले; पण १४५० आणि १९४० पाशी आलेखाचा माथा सपाट असून त्यावर करवतीसारखे दाते होते. त्या दात्यांचा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस गेले. वास्तविक तेथे सगळा प्रकाश पाण्यानेच शोषला होता आणि दाते म्हणजे डिटेक्टरचा निव्वळ गोंगाट होता. १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये १४५० चा पट्टा नीट उमटला. १९४० साठी मात्र ०.१ मिलिमीटरचा थर लागला.

खरा पेच पुढे होता. १९४० चा पट्टा पाण्याच्या रेणूची दोन कंपने एकत्र आल्याने उमटतो. पुस्तकात रेणूचा कोन मिटण्या-उघडण्याच्या कंपनाची तरंगसंख्या (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लाटांची संख्या) १५९५ आणि बंधांच्या असममित ताणाची ३७५६ प्रति सेंटिमीटर दिली होती. त्यांची बेरीज ५३५१, म्हणजे सुमारे १८६९ नॅनोमीटर. माझा पट्टा मात्र १९४० वर. यंत्राचे कॅलिब्रेशन दोनदा तपासल्यावर लक्षात आले की ते आकडे वाफेतल्या सुट्या रेणूचे आहेत. द्रवात हायड्रोजन बंध ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाला सैल करतात, त्यामुळे ताणाची तरंगसंख्या बरीच उतरते, म्हणजेच तरंगलांबी वाढते. शिवाय खऱ्या रेणूची कंपने एकत्र आली की ती साध्या बेरजेपेक्षा थोडी कमीच भरतात. १४५० चा पट्टा सममित आणि असममित अशा दोन्ही ताणांच्या जोडीचा आहे, हेही मग उलगडले.

खात्रीसाठी तेच पाणी २५ वरून ६० अंशांपर्यंत तापवले. हायड्रोजन बंध ढिले होताच १४५० चा माथा कमी तरंगलांबीकडे सरकताना पडद्यावर दिसला, तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

शेवटी घरचे सोयाबीन दळून पिठाचे परावर्तन मोजले. १४५० जवळ प्रथिने आणि कर्बोदकेही शोषण करतात, म्हणून मी १९४० वर भिस्त ठेवली. पीठ ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा मोजले, तेव्हा तोच पट्टा खाली बसला होता. दोन्ही आलेख एकाच कागदावर छापून मी बाबांसाठी घरी नेले.