उजव्याच बाजूच्या विटा

काम साधं होतं: कोळशाच्या जुन्या, बिडाच्या शेगडीतल्या झिजलेल्या भट्टीविटा बदलायच्या. दार उघडून आत बॅटरी मारली तर डाव्या भिंतीच्या विटा जवळजवळ कोऱ्या आणि उजव्या भिंतीच्या, खालच्या जाळीलगत (जिच्यावर कोळसा जळतो) पार खाल्लेल्या. मूळ जाडी ३२ मिलिमीटर, उजवीकडे खालच्या टोकाला कॅलिपरवर १४ भरली. मालकांचं म्हणणं, वीटच हलकी निघाली. पण दोन्ही बाजू एकाच खेपेला बसवलेल्या होत्या, आणि हलका माल बाजू बघून झिजत नाही.

झिजलेल्या भागावर काळा, काचेसारखा थर होता. खंगर. आच फार वाढली की राख वितळून विटेला चिकटते, आणि गार झाल्यावर ठोकून काढताना विटेचा पापुद्रा बरोबर घेऊन येते. म्हणजे आग उजवीकडेच भडकत होती. का, ते जाळी बाहेर काढल्यावर कळलं. बिडाच्या पट्ट्यांमधली फट १२ मिलिमीटर. उजवीकडची एक पट्टी मात्र जळून गेलेली आणि तिच्या जागी कुणीतरी साधी सळई टाकलेली. ती तापून वाकली, फट चाळीसच्या घरात गेली, आणि खालची हवा भात्यासारखी तिथूनच वर येऊ लागली. पट्टी जळायचं कारण खाली ट्रेमध्येच होतं: राखेचा ढीग जाळीला टेकलेला. जाळी गार राहते ती खालून येणाऱ्या हवेमुळे. राखेने ती वाट अडली की बीडसुद्धा टिकत नाही.

त्यामुळे आधी पट्टी, मग विटा. नुसत्या विटा बदलल्या असत्या तर त्याही तशाच गेल्या असत्या.

शेगडी विझवून पूर्ण एक दिवस गेलेला होता. विटा आत बराच वेळ ऊब धरून ठेवतात. वरची पकडपट्टी दोन बोल्टांवर असते. ते गंजलेले, म्हणून तेल सोडून थांबलो. घाईत पाना ओढला की बोल्ट तुटतो आणि मग ड्रिलचं काम वाढतं. दाराची फट बंद करणारी जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून तपासून होईपर्यंत तिला हात लावला नाही. विटा मधून सुरू करून काढल्या, कोपऱ्यातल्या शेवटी. तुटक्या विटांचे तुकडे जुळवून पुठ्ठ्यावर माप उतरवलं. मग आत दिवा ठेवून खोलीत अंधार केला आणि बाहेरून बीड पाहिलं. उजेड कुठूनही झिरपला नाही, म्हणजे आरपार तडा नव्हता. सरळ मोजपट्टी टेकवून पाहिल्यावर मात्र उजवी भिंत सुमारे ४ मिलिमीटर फुगलेली निघाली. पातळ झालेल्या विटेने आच अडवली नव्हती.

नव्या विटा २३० × ११४ × ३२ मापाच्या, जड, फायरक्लेच्या. हातात हलकी लागणारी इन्सुलेशनची वीट इथे चालत नाही. कोळशाचा खंगर आणि उकरायची सळई दोन्ही तिला पोखरतात. कापताना डायमंड ब्लेड, पाण्याची धार आणि मास्क. या धुळीत सिलिका असते, ती नाकात जाता कामा नये.

बसवताना दोन गोष्टींवर वेळ घालवला. फुगलेल्या भिंतीवर वीट डुगडुगते आणि डुगडुगणारी वीट तडकतेच, म्हणून मागे भट्टीचा मसाला कमीजास्त थापून तिला पूर्ण टेकू दिला. साधं सिमेंट या आचेत भुसभुशीत होतं, ते नकोच. वीट आधी मिनिटभर पाण्यात बुडवली, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी शोषून घेते आणि पकड येत नाही. दोन विटांमधली दरज जेमतेम दोन मिलिमीटर. दुसरी गोष्ट कोपऱ्याची फट. तीन विटांची ओळ दरजा सोडून ३४२ मिलिमीटर. निखाऱ्याजवळ तापल्यावर ती साधारण दोन मिलिमीटर वाढते. ठासून बसवली तर वाढायला जागा उरत नाही, मग कडा फुटतात. म्हणून कोपऱ्यात सूतभर जाड पुठ्ठ्याची पट्टी उभी घातली. ती नंतर जळून जाते, फट राहते. पकडपट्टीचे बोल्टही हातानेच आवळले.

एक दिवस वाळू दिलं. मग चिपाट्यांचा छोटा जाळ, तासाभराने विझवला. दुसऱ्या दिवशी थोडा मोठा. मसाल्यात पाणी असताना एकदम कोळसा पेटवला तर वाफ होऊन थर उडतो. पहिल्या जाळाला वास येतो, खिडकी उघडी हवी. धुराड्याची ओढ आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याआधीच तपासले होते.

तिसऱ्या दिवशी कोळसा घातला. निखारे दोन्हीकडे सारखे लाल. गार झाल्यावर एका नव्या विटेवर केसाएवढी चीर दिसली आणि मालक अस्वस्थ झाले. पण वीट जागेवर घट्ट होती, तुकडा सुटलेला नव्हता, बीड उघडं पडलं नव्हतं. ती तशीच ठेवली. राखेच्या ट्रेवर मात्र आतून खडूने रेघ मारून दिली: याच्या वर राख नको.