आमची वाटचाल : तासावरच्या सायकलीपासून काजळीच्या काठापर्यंत

बाबांचं सायकलचं दुकान १९७८ चं, रत्नागिरीत. तेव्हा आठ आणे तास या दराने सायकल भाड्याने मिळायची आणि परीक्षा संपली की पोरांची रांग लागायची, वहीत नाव, घराची खूण आणि सायकलचा नंबर लिहून घ्यायचा, बस्स. मी त्या दुकानातच मोठी झाले. नंतर घरोघरी स्कूटर आली, मग मोटारसायकल, आणि भाड्याचा धंदा कधी बंद झाला ते आम्हालाही नीट कळलं नाही. पंक्चर आणि रिपेअरवर दुकान कसंबसं चालू राहिलं.

मी पुण्याला अकाउंट्समध्ये नोकरी करत होते, तिथे ऑफिसमधल्या ग्रुपबरोबर रविवारी सायकलिंग सुरू केलं आणि मग सारखं वाटायला लागलं की हे लोक एवढे पैसे देऊन कुठे कुठे जातात तर आपल्या कोकणात का येऊ नयेत, समुद्र आहे, माड आहेत, रस्त्यावर गाड्या कमी. २०१५ मध्ये परत आले. त्याच वर्षी मुद्रा योजना सुरू झाली होती, तिच्या 'किशोर' नावाच्या गटातून तीन लाखांचं कर्ज मिळालं, त्यात सहा हायब्रीड सायकली घेतल्या, हेल्मेट, पंप, आणि एक सेकंडहँड पिकअप.

पहिली राइड रत्नागिरी ते गणपतीपुळे आणि परत. शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी, मग आरे-वारे. येऊन-जाऊन पन्नासच्या आसपास किलोमीटर, पुण्यात आम्ही एवढं सकाळच्या चहाआधी मारायचो म्हणून मी बिनधास्त होते. नऊ जण आले होते, त्यातले तीन स्वतःची रोड बाइक घेऊन. आरे-वारेला वरून समुद्र दिसला तेव्हा सगळे खूश, फोटो वगैरे झाले. पण परत येताना ऊन चढलं, हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नव्हता, आणि चार जण चढावर सायकल ढकलत होते, एका काकांना उलटी झाली. त्यांना पिकअपमध्ये बसवून आणलं. कोणी वाईट बोललं नाही पण त्या नऊमधलं कोणीही दुसऱ्यांदा आलं नाही, आणि ते मला फार लागलं कारण चूक माझीच होती, मी रस्ता किलोमीटरमध्ये मोजला होता.

कोकणात रस्ता खाड्यांमध्ये मोजायचा असतो. सह्याद्रीपासून समुद्र पन्नासेक किलोमीटरवर, त्यामुळे नद्या आखूड आणि त्यांनी वरचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, खोल कापून काढलाय. किनाऱ्याने जाताना प्रत्येक खाडीला तुम्ही सड्यावरून थेट समुद्राच्या पातळीला उतरता आणि पलीकडे पुन्हा शंभर-दीडशे मीटर चढता, आणि हा चढ सरळ नसतो, जांभ्याचा कडक थर वर टोपीसारखा बसलाय आणि खालची माती मऊ, म्हणून खाली बरा वाटणारा रस्ता शेवटच्या वळणांना एकदम उभा होतो. माणूस दमलेला असतो नेमका तिथेच. दाभोळहून रत्नागिरी किनाऱ्याने शंभरच्या आसपास भरतं, मध्ये दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी, कागदावर एका दिवसाचं काम वाटतं, पण मी आता ते दोन दिवसांशिवाय कोणालाही देत नाही.

त्या पहिल्या राइडनंतर आठवडाभर मी दुकानात गप्प बसून होते. बाबांनी विचारलं, कुठून नेलंस? सांगितलं. तर म्हणाले, "अगो, सड्यावर कशाला घालतेस माणसांना? नदीनं ने की." आणि बिलबुकाच्या मागच्या बाजूला पेनाने काढून दाखवलं. काजरघाटी, हरचेरी, चांदेराई. बाबा पूर्वी त्या बाजूच्या दुकानांना ट्यूबा, टायर आणि बेअरिंगच्या छर्‍यांची पाकिटं पोचवायला कॅरियरला बोचकं बांधून जायचे, बावीस इंची सायकल, गिअर नाही. गिअर नसलेला माणूस चढ टाळूनच रस्ता शोधतो ना, त्यामुळे त्यांच्या डोक्यात अख्ख्या तालुक्याचा कमी चढाचा नकाशा होता आणि मी इतकी वर्षं घरात राहून तो कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो, ते पिकअपमध्ये, मी सायकलवर. काजरघाटी उतरलं की काजळी नदीचं खोरं लागतं. इथे सपाट काही नाही हे आधीच सांगते, रस्ता सारखा वरखाली होतो, प्रत्येक पर्‍या नि वहाळ, म्हणजे छोटा ओढा, नदीला मिळायला येतो तिथे मोरीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे चढायचं, पण उतारावर जो वेग येतो तो पुढचा अर्धा चढ खाऊन टाकतो, वीस-तीस पॅडल मारली की वर. असा रस्ता पायाला छंद लावतो. मला त्या दिवशी कळलं की मी लोकांना हे द्यायला हवं होतं.

आणि नदी बघायला मिळते ती वेगळीच. भाट्याच्या खाडीकडे कांदळ, म्हणजे खाऱ्या पाण्यातली खारफुटीची झाडं, आणि चिखल, आत यावं तसं कांदळ विरळ होत जातं, मग कधीतरी ते संपतं आणि काठाला माड-पोफळीची आगरं नि वायंगणी भाताचे हिरवे तुकडे लागतात. खारं पाणी कुठवर चढतं ते झाडांवरून कळतं. भरतीच्या वेळी खालच्या पट्ट्यात पाणी डोंगराकडे वाहताना दिसतं, पाहुणे थांबून विचारतात की ही नदी उलटी कशी काय? त्यासाठी मी भरती-ओहोटीचं टायमिंग बघूनच राइडची वेळ लावते, तिथी माहीत असली की अंदाज बांधता येतो आणि तो अंदाजसुद्धा बाबांनीच शिकवला. चांदेराईला एका मावशींकडे घावणे-चटणी आणि मीठ घातलेलं कोकम सरबत असतं. पावसाळ्यात हीच नदी चांदेराईच्या बाजारपेठेत शिरते, जवळपास दरवर्षीचं आहे ते, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही ही राइड ठेवतच नाही, कितीही चौकशा आल्या तरी.

२०१६ पासून धंदा खरा इथून सुरू झाला. पुढे शास्त्री नदीचं खोरं घेतलं, कसबा संगमेश्वरला कर्णेश्वराचं देऊळ बघून फुणगूसच्या बाजूने जाकादेवीकडे. मग वाशिष्ठी, चिपळूणहून.

सायकलींचंही शिकत गेलो. लोक पुण्या-मुंबईची रोड बाइक आणतात, मागे ११ ते २८ दात्यांची कॅसेट म्हणजे चक्रांचा संच, पुढे मोठी चेनरिंग म्हणजे पॅडलजवळचं चक्र, आणि इथे गुडघे धरून बसतात. आमच्या सगळ्या सायकलींना पुढे ३४ दाते मागे ३४ दाते मिळतील असा गिअर आहे, म्हणजे पॅडलचा एक फेरा आणि चाकाचा एक फेरा, माणूस बसून चढतो. टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे, हवा साठ-पासष्ट पीएसआय, जास्त नको, गावच्या रस्त्यावर खडी उखडलेली असते तिथे कडक टायर उडतो. आणि खारी हवा! समुद्राकाठी रात्रभर बाहेर ठेवलेल्या सायकलची चेन सकाळी तांबूस झालेली असते. आम्ही रोज गोड्या पाण्याने धुऊन, कापडाने कोरडी करून, एकेका कडीवर तेलाचा थेंब सोडतो. वेळ जातो पण याला दुसरा इलाज नाही.

२०२० चा मार्च ते पुढचं वर्षभर राइड बंद. तेव्हा दुकानाने सांभाळलं, लोकांनी माळ्यावरच्या जुन्या सायकली खाली काढल्या आणि रिपेअरला रांग लागली, बाबा किती वर्षांनी सकाळी सातला शटर उघडत होते.

मग २२ जुलै २०२१. चिपळूणला आम्ही स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी तळमजल्यावर एक गाळा भाड्याने घेतला होता, आठ सायकली तिथे होत्या. वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा गाळा पूर्ण बुडाला. लोकांची घरं, दुकानं, आयुष्यभराची कमाई गेली होती, त्यापुढे आमच्या आठ सायकली म्हणजे काहीच नाही, पण आम्हाला पुन्हा उभं राहायचं होतंच. पाणी ओसरल्यावर पिकअप भरून सगळ्या रत्नागिरीला आणल्या. बाबांनी ओट्यावर गोणपाट अंथरलं आणि पहिलं चाक खोललं, एक्सल ओढल्यावर वाटीतून ग्रीसऐवजी लोण्यासारखा गुळगुळीत लाल चिखल बाहेर आला, त्यात छर्रे दिसतही नव्हते. एकेक छर्रा बोटाने चाचपून काढायचा, डिझेलच्या डब्यात टाकायचा, कापडावर घासून उजेडात धरायचा, खड्डा पडलेला असेल तर बाजूला. सोळा चाकं, आठ बीबी म्हणजे पॅडलच्या दांड्याची बेअरिंगं, आठ हँडल. अकरा दिवस लागले. आठातल्या सहा वाचल्या, त्या अजून चालतात आणि मी त्या विकणार नाही. चिपळूणचा गाळा आता पहिल्या मजल्यावर आहे, भाडं जास्त पडतं, पडू दे.

आज आमच्याकडे बावीस सायकली, कायमची चार माणसं, आणि सीझनला गावागावातली मुलं वाटाड्या म्हणून येतात, त्यात दोघी मुली आहेत याचं मला फार समाधान आहे. सीझन ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे मध्ये लोक सुट्ट्या म्हणून विचारतात पण तेव्हा आतल्या अरुंद रस्त्यांवर आंब्याच्या पेट्यांच्या गाड्यांची घाई असते, वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत करायची असते त्या लोकांना, त्यांच्या वाटेत आपण सायकली घालायच्या नाहीत, आणि दमट ऊन तर विचारूच नका. रत्नागिरीच्या शाळकरी मुलांना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट राइड असते, वहीत नाव आणि घराची खूण लिहून, पूर्वीसारखीच.

आता मुचकुंदी नदीचं खोरं बघतेय. लांज्याहून साटवली, तिथे नदीकाठी जुनी गढी आहे, आणि पुढे पूर्णगडच्या खाडीकडे. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा एक चढ असा लागला की तो पाहुण्यांना द्यायला मन तयार होत नाही. बाबा म्हणतायत की साटवलीच्या पुढे खालून एक वाट होती, तेव्हा कच्ची होती, आता डांबर पडलं असेल. येत्या रविवारी साडेपाचला निघतोय, ते पुढे पिकअपमध्ये, मी मागून सायकलवर.