माफी कोणी दिली?

१६ डिसेंबर

आज विजय दिवस. १९७१चे युद्ध संपताना ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करत आहेत आणि शेजारी आपले जनरल अरोरा बसले आहेत, हे छायाचित्र सकाळपासून फोनवर फिरते आहे. त्याच्या पाठोपाठ दरवर्षी येणारा दुसरा निरोपही दुपारी आला: आपण ९३,००० पाकिस्तानी कैदी सोडले आणि आपले ५४ सैनिक पाकिस्तानातच राहिले. हे दोन आकडे आता आपल्याकडे जवळजवळ सर्वांना पाठ झाले आहेत. त्याच व्यवहारातला तिसरा आकडा, युद्धगुन्ह्यांचे खटले न चालवता सोडलेल्या १९५ पाकिस्तानी कैद्यांचा, मात्र मला आजवर कोणी पाठवलेला नाही आणि गेले काही दिवस मी त्याचाच विचार करते आहे.

५४च्या निरोपामागचे दुःख खरे आहे, हे आधी नोंदवून ठेवते. त्या यादीत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे आहेत. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटच्या हवाई तळावरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले, तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. पुढची अनेक दशके त्यांनी मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवण्यात घालवली. मेजर अशोक सूरी यांच्या वडिलांना १९७५ मध्ये कराचीहून मुलाच्या हस्ताक्षरातले पत्र मिळाले आणि त्यात आपण इथे वीस अधिकारी असल्याचे लिहिलेले होते. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत बेपत्तांच्या नावांची यादी ठेवली, १९८३ आणि २००७ मध्ये कुटुंबीयांना पाकिस्तानातील तुरुंग दाखवण्यात आले, पण कोणी सापडले नाही आणि असे कैदी आपल्याकडे आहेत हे पाकिस्तानने कधीही मान्य केले नाही.

याच्या शेजारी आपल्या पुण्याचे दिलीप पारुळकर आठवतात. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते दोन सहकाऱ्यांसह निसटले आणि थेट खैबर खिंडीतल्या लंडी कोतलपर्यंत पोहोचले. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. ते स्टेशन इंग्रजांच्या काळातच बंद पडलेले असल्याने लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. अफगाणिस्तानची सरहद्द तिथून अगदी हाकेच्या अंतरावर होती. पुढे १ डिसेंबर १९७२ रोजी पश्चिम आघाडीवरील कैद्यांची वाघा सीमेवर अदलाबदल झाली, तेव्हा परतलेल्या सहाशेहून अधिक भारतीयांत ते होते. पळून जाण्याचा गुन्हा करूनही ते परत आले, कारण त्यांची कैदी म्हणून रीतसर नोंद झालेली होती. तांबे आणि सूरी यांची तशी नोंद पाकिस्तानने कधी दिलीच नाही. अदलाबदल ही दोन याद्यांची होते. जो यादीत नाही त्याच्यासाठी समोरच्याकडे काय मागायचे, हा प्रश्न आपल्या सरकारपुढे अखेरपर्यंत राहिला.

तरीही ‘९३,००० देऊन ५४ आणता आले नाहीत’ हा हिशेब मला पटत नाही. एक तर ते सगळे सैनिक नव्हते. त्यांत पोलीस होते, मुलकी अधिकारी होते, बायकामुलेही होती. दुसरे म्हणजे, ती माणसे वटवण्यासाठी आपल्या ताब्यात नव्हतीच. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे ११८ वे कलम सांगते की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विलंब न लावता सोडून परत पाठवले पाहिजे. आपण त्यांना मीरत, आग्रा, रांची, जबलपूर अशा ठिकाणच्या छावण्यांत दीड वर्षाहून अधिक काळ ठेवले. त्याला कारण होते: शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनापतित्वाखालील फौजांपुढे झाली होती, म्हणून बांगलादेशाच्या संमतीशिवाय कैदी सोडता येत नाहीत, अशी आपली भूमिका होती, आणि पाकिस्तान बांगलादेशाला मान्यताच देत नसल्यामुळे संमतीची बोलणी सुरू होत नव्हती. कारण बिनतोड दिसते. पण छावणीच्या तारेआडच्या सामान्य शिपायाला त्याचा काय उपयोग, हेही कधीतरी आपल्या विजयकथेत यायला हवे.

१७ डिसेंबर

काल लिहिताना एक गोष्ट राहिली, आणि सगळ्या प्रकरणाची गोम मला तिच्यातच दिसते. जुलै १९७२ मध्ये करारासाठी सिमल्याला आलेले पाकिस्तानचे अध्यक्ष भुट्टो यांना भारताकडे मागण्यासारख्या दोन गोष्टी होत्या, गमावलेली जमीन आणि कैद झालेली माणसे. पश्चिम आघाडीवर भारताने जिंकलेला पाच हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश त्यांनी परत मिळवला आणि कैद्यांचा प्रश्न मागे ठेवला. यात निष्ठुरपणा होता, पण हिशेब पक्का होता. जमीन सोडायला भारताला कोणता कायदा भाग पाडणार नव्हता. कैदी मात्र आज ना उद्या सोडावेच लागणार होते, आणि जितका उशीर तितकी भारताचीच जगात नाचक्की. ज्यांची सुटका कायद्याने ठरलेलीच आहे, त्यांच्यासाठी भुट्टो मोल कशाला देतील?

मोल चढले ते ज्यांना असे संरक्षण नव्हते त्यांचे. पाकिस्तानात लाखो बंगाली अडकून पडले होते: सरकारी नोकर, सैन्यातले अधिकारी आणि शिपाई, त्यांची कुटुंबे. ते कोणाशी लढले नव्हते. मार्च १९७१ मध्ये ते नेमणुकीच्या गावी होते, एवढाच त्यांचा अपराध. नव्या देशाचे नागरिक म्हणून त्यांना परत जायचे होते आणि जुना देश सोडत नव्हता. एप्रिल १९७३ मध्ये बांगलादेशाने जाहीर केले की सर्व कैद्यांपैकी फक्त १९५ जणांवर वंशसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे, बलात्कार आणि खून यांसाठी खटले चालवले जातील. आधी याहून बराच मोठा आकडा बोलला जात होता. तो गाळत गाळत इथवर आला होता. जुलैत त्यासाठी खास कायदाही झाला. त्यावर भुट्टोंचे उत्तर तयार होते: तुम्ही आमच्या माणसांवर खटले भरा, आम्ही इथल्या बंगाल्यांवर भरतो. २०३ बंगाल्यांना त्या १९५च्या बदल्यात ओलीस म्हणावे अशा अवस्थेत ठेवण्यात आले. त्यांच्यावरचा आरोप काय, तर माहिती फोडल्याचा आणि देशद्रोहाचा.

मला हे समीकरण वाचतानाच शिसारी येते. एका पारड्यात कत्तलीच्या आरोपाखालचे लष्करी अधिकारी, दुसऱ्या पारड्यात फायली सांभाळणारे कारकून आणि सचिव, आणि तराजू धरणारा म्हणतो की दोन्ही बाजूंचे ‘कैदी’ समसमान आहेत. अदलाबदलीचा पहिला नैतिक घाटा मला इथे दिसतो. सुटका होण्याच्या कितीतरी आधी, माणसे मोजायला बसतानाच, अपराधी आणि निरपराध यांतला फरक पुसला गेलेला असतो.

२८ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीत भारताचे पी. एन. हक्सर आणि पाकिस्तानचे अझीझ अहमद यांनी करार केला आणि सप्टेंबरपासून तिहेरी पाठवणी सुरू झाली. भारतातून पाकिस्तानी कैदी, पाकिस्तानातून बंगाली आणि बांगलादेशातून पाकिस्तानात जाऊ इच्छिणारे बिहारी (फाळणीनंतर तिथे आलेले उर्दू भाषक) मुसलमान, अशा तीन वाटा होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांनी विमाने लावली. लाखाहून अधिक बंगाली मायदेशी पोहोचले, हे या कराराचे पुण्य. ते कमी लेखण्याची माझी इच्छा नाही. बिहाऱ्यांच्या बाबतीत मात्र पाकिस्तानने ठरावीक वर्गांनाच घेतले. उरलेले ढाक्यात मोहम्मदपूरच्या जिनिव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत दोन-दोन पिढ्या राहिले, आणि त्यांचे नागरिकत्व न्यायालयाने स्पष्ट करायला २००८ साल उजाडावे लागले. १९५ जण त्या वेळी भारतातच ठेवण्यात आले.

मग फेब्रुवारी १९७४ मध्ये लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या तोंडावर पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली, बांगलादेशाचे पंतप्रधान शेख मुजीब लाहोरला गेले, आणि ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत भारताचे स्वर्णसिंग, बांगलादेशाचे परराष्ट्रमंत्री कमाल हुसेन आणि पाकिस्तानचे अझीझ अहमद यांनी तिहेरी करारावर सह्या केल्या. त्याचा मजकूर मी आज पुन्हा सावकाश वाचला. शेवटाकडचे तीन परिच्छेद एकापाठोपाठ एक वाचण्यासारखे आहेत. तेराव्यात बांगलादेशाचे परराष्ट्रमंत्री सांगतात की या कैद्यांची कृत्ये आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार ठरतात व अशा आरोपींना न्यायासनापुढे आणले पाहिजे यावर जगाचे एकमत आहे. पाकिस्तानचे मंत्री उत्तर देतात की काही गुन्हे झाले असतील तर आमच्या सरकारला त्यांचा तीव्र खेद आहे. ‘झाले असतील तर’! चौदाव्यात भुट्टो मागच्या चुका विसरून क्षमा करण्याचे आवाहन करतात आणि बांगलादेशाच्या लोकांना क्षमा कशी करावी हे ठाऊक आहे, हे मुजीब यांचे म्हणणे उद्धृत होते. पंधराव्यात बांगलादेश सरकार दयाबुद्धीने खटले न चालवण्याचे ठरवते आणि १९५ जणांना इतर कैद्यांबरोबर परत पाठवावे असे ठरते.

तेराव्या परिच्छेदात ज्या अपराधांना वंशसंहार म्हटले आहे, ते पंधराव्यात एका वाक्याने मिटतात, आणि मधल्या परिच्छेदात नवा पुरावा नाही, कबुली नाही, शिक्षेची हमीही नाही. एप्रिलअखेर नियाझी वाघा ओलांडून गेले. पाकिस्ताननेच नेमलेल्या हमूदुर रहमान आयोगाने त्यांच्यासह अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांवर खटले चालवण्याची शिफारस केली होती. तो अहवाल २००० सालापर्यंत दडवून ठेवण्यात आला आणि खटला एकावरही उभा राहिला नाही. ढाक्यातल्या विचारवंतांच्या हत्याकांडाशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते राव फर्मान अली पुढे झिया उल हक यांच्या राजवटीत मंत्री झाले.

१९ डिसेंबर

दोन दिवस स्वतःला एकच प्रश्न विचारते आहे: त्या टेबलाशी कमाल हुसेन यांच्या जागी मी असते तर सही केली असती का? मला वाटते, केली असती. मुजीब यांच्यासमोर उद्ध्वस्त देश होता, अन्नधान्य तुटपुंजे होते (त्याच वर्षी भीषण दुष्काळ पडला), संयुक्त राष्ट्रांतील प्रवेश चीनने १९७२ मध्ये नकाराधिकार वापरून अडवला होता, आणि आपली माणसे परत आणा म्हणून टाहो फोडणारी हजारो कुटुंबे दारात होती. ज्याचा मुलगा कराचीत अडकला आहे त्याला न्यायाची थोरवी सांगायला जीभ रेटत नाही. बहुतेक बंगाली एप्रिलपर्यंत परतले होते हे खरे, पण पाकिस्तानची मान्यता आणि तिच्या पाठोपाठ उघडणारी दारे या त्याच सौद्याच्या बाजू होत्या. ज्या राज्याला जिवंत माणसे वाचवता येतात त्याने ती वाचवावीत, भले त्यासाठी खुनी सोडावे लागोत. इथवर मी सरकारच्या बाजूने आहे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. सौदा केला, तर तो सौदा म्हणून लिहायचा होता. ‘आमची माणसे आणि आमची मान्यता अडवून ठेवली गेल्यामुळे आम्ही या १९५ जणांवर आज खटला चालवू शकत नाही’ असे एक वाक्य मुत्सद्द्यांना जड गेले असते, मान्य. पण निदान परिच्छेद मुका ठेवता आला असता. त्याऐवजी तिथे क्षमा लिहिली गेली. खटला मागे घेण्याचा अधिकार सरकारला असतो. क्षमेचा अधिकार मात्र ज्याच्यावर अत्याचार झाला त्याचा असतो, आणि त्या माणसांना कोणी विचारले नव्हते.

विचारायचे कोणाला, याची उत्तरे तेव्हा ढाक्यातच होती. युद्धात बलात्कार झालेल्या ज्या स्त्रियांना मुजीब सरकारने ‘बीरांगना’ म्हणून गौरवले, त्यांची संख्या दोन लाखांपासून चार लाखांपर्यंत सांगितली जाते. गौरव झाला, पण अनेकींना घरात परत घेतले गेले नाही, आणि ज्या अधिकाऱ्यांनी त्यांना छावण्यांत डांबले ते वाघ्यापलीकडे सन्मानाने उतरले. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी आपल्यावर काय गुदरले ते जाहीरपणे सांगितले ते १९९९च्या सुमारास, म्हणजे क्षमा देऊन झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी. पीडित स्त्रिया बोलायला लागण्याच्या पाव शतक आधीच त्यांच्या वतीने कोणीतरी ‘आम्हाला क्षमा करता येते’ असे सांगून मोकळा झाला होता. या स्त्रियांना मुक्तियोद्ध्यांचा अधिकृत दर्जा मिळाला तो तर २०१५ मध्ये.

अलीकडे गाझाच्या युद्धात ओलीस आणि कैदी यांची अदलाबदल झाली, तेव्हा दूरचित्रवाणीवर किती सुटले, किती परतले याचेच आकडे चालू होते. २०११ मध्ये गिलाद शालित या एका सैनिकासाठी इस्रायलने १,०२७ कैदी सोडले होते आणि त्यांत पुढे हमासचे नेते झालेले याह्या सिनवार होते, हे मग सर्वांना आठवले. तिथे निदान एक गोष्ट झाली होती: सुटणाऱ्या कैद्यांची यादी आधी प्रसिद्ध झाली, मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्यांचे म्हणणे ऐकून मगच याचिका फेटाळली गेली. निकाल बदलला नाही, पण किंमत कोण मोजते आहे हे उघडपणे सांगितले गेले. १९७४च्या दिल्लीत तेवढेही घडले नाही.

त्या परिच्छेदांचा पुढे काय उपयोग झाला, तेही लिहून ठेवते. २०१० मध्ये बांगलादेशाने १९७३च्या त्याच कायद्याखाली न्यायाधिकरण स्थापन केले. पाकिस्तानी अधिकारी तर हाताबाहेर गेले होते, म्हणून खटले चालले ते पाकिस्तानी लष्कराला साथ दिल्याचा आरोप असलेल्या स्थानिक बंगाल्यांवर. त्या खटल्यांच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप घेतले गेले आणि त्यांतले काही मला रास्त वाटतात. डिसेंबर २०१३ मध्ये जमात-ए-इस्लामीचे नेते अब्दुल कादर मोल्ला यांना फाशी झाली आणि पुढे आणखी काहींना. हुकूम देणारे परत गेले, त्यांचे ऐकणारे फासावर चढले. यावर इस्लामाबादच्या परराष्ट्र खात्याने तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि आधार म्हणून वारंवार पुढे केला तो एप्रिल १९७४चा करार: बांगलादेशाने दयाबुद्धीने खटले न चालवण्याचे तेव्हाच मान्य केले होते, याची आठवण त्यांनी ढाक्याला करून दिली. ज्यांनी ‘झाले असतील तर’ इतकेच म्हटले होते, त्यांना चाळीस वर्षांनी त्या कागदातला क्षमेचा भाग मात्र शब्दशः आठवत होता.