विमानं येतील भो, पण उडवणाऱ्याला झोप नको का?

मी पायलट, भुसावळला सुट्टीवर आलो की एक प्रश्न हमखास येतो. "काय भो, पाचशे विमानांची ऑर्डर दिली म्हणे, आता तर पायलट लोकांची चांदीच ना?" विचारणाऱ्याचा मुलगा नाहीतर पुतण्या बारावी सायन्सला असतो, शिरपूरची किंवा धुळ्याची फ्लाइंग स्कूल डोक्यात असते, त्यामुळे मला हसून विषय बदलता येत नाही, कारण लायसनसाठी शेताचा तुकडा विकणारी माणसं मी इथे पाहिली आहेत.

तर ऑर्डरचं बघा. इंडिगोने जून 2023 मध्ये पॅरिसला 500 एअरबसची ऑर्डर दिली ती खरी, पण ती विमानं यायची 2030 ते 2035 या काळात. एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत 470 विमानं जाहीर केली, 250 एअरबस आणि 220 बोइंग. अकासा एअरने जानेवारी 2024 मध्ये अजून 150. पेपरला आकडे छापून येतात आणि घरोघरी हिशोब सुरू होतो, एवढी विमानं म्हणजे एवढ्या नोकऱ्या. पण ऑर्डर म्हणजे उद्याची भरती नाही. मे 2023 मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली, त्याआधी एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज, आणि त्या प्रत्येक वेळी अनुभवी पायलट बाजारात आले, मग फ्रेशर पोरांना कोण विचारणार?

परवा जळगावला आम्ही तिघं भेटलो, मी, माझा बॅचमेट आणि आमचे एक सीनियर कॅप्टन, मूळचे धुळ्याकडचे. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, आणि विषय अर्थातच डिसेंबर 2025 चा, इंडिगोच्या फ्लाइट्स धडाधड कॅन्सल झाल्या त्याचा. सर म्हणाले, "तो एक आकडा विसरू नका रे." इंडिगोकडे पायलटच्या ड्युटी-विश्रांतीच्या नव्या नियमानुसार कॅप्टन लागणार होते 2,422 आणि होते 2,357. आणि को-पायलट लागणार 2,153, होते 2,194. म्हणजे कमी पडले ते कॅप्टन, को-पायलट उलट थोडे जास्तच होते!! हे मला सगळ्या पालकांना ओरडून सांगावंसं वाटतं. देशात टंचाई आहे ती डाव्या सीटवर बसणाऱ्याची, म्हणजे कॅप्टनची, आणि तो एका वर्षात तयार होत नाही. CPL ला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसनला, उड्डाणाचे 200 तास लागतात, ते पैसे आणि हवामान नीट असलं की होतात, मग टाइप रेटिंगचा, म्हणजे ठराविक प्रकारचं विमान उडवायच्या ट्रेनिंगचा, वेगळा खर्च, मग नोकरी लागली तर उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर वर्षानुवर्षं, ATPL या वरच्या लायसनलाच 1,500 तास, त्याच्या पुढे कॅप्टन व्हायचं कमांड ट्रेनिंग. 2023 मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, 1,622 CPL दिली, पण त्यातला एकही दुसऱ्या दिवशी कॅप्टन होत नाही ना.

आता नियमाचं. सगळीकडे बोललं गेलं की नवीन ड्युटीच्या नियमांमुळे फ्लाइट्स कॅन्सल झाल्या. 5 डिसेंबरला एका दिवसात हजारावर गेल्या, लोक बॅगांवर झोपले होते, त्यांचा राग शंभर टक्के बरोबर आहे. पण दोष नियमावर टाकलेला मला सहन होत नाही. हा नियम जानेवारी 2024 मध्ये आला, त्याच वर्षी जूनपासून लागू व्हायचा होता, पुढे ढकलला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि मग दोन टप्पे ठरले, 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025. जवळजवळ दोन वर्षं मिळाली भो तयारीला. नियमात आहे काय तर आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48, रात्र धरायची 12 ते पहाटे 6 पर्यंत, आधी 5 पर्यंतच होती, आणि रात्रीची लँडिंग 6 वरून 2. या शेवटच्या ओळीनेच सगळा हिशोब बदलतो, कारण आधी एकच जोडी रात्रभर मुंबई-दिल्ली-अजून कुठे करत फिरायची, आता तेवढ्याच उड्डाणांना जास्त जोड्या लागतात. आणि त्याच काळात विंटर शेड्यूलमध्ये फ्लाइट्स वाढवल्या. मग इंडिगोला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत रात्रीच्या नियमातून सूट दिली गेली. प्रवाशांचे हाल थांबायला हवे होते हे मान्य, पण तयारी कमी पडली म्हणून विश्रांती कमी करायची, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही.

मी याबद्दल इतकं का बोलतो, तर आमचे आप्पा. भुसावळ डिव्हिजनला लोको पायलट होते, मालगाडीवर. रात्रीची गाडी करून आले की दिवसा घरात आम्ही कुजबुजत बोलायचो, गल्लीतली पोरं आई दुसरीकडे खेळायला पाठवायची, तरी लॉबीतून, म्हणजे ड्युटी लावणाऱ्या ऑफिसातून, कॉल यायचाच. रेल्वेत रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवर चालणाऱ्यांना, महिन्यात 30 तासांची विश्रांती चार वेळा, नाहीतर 22 तासांची पाच वेळा. मी 48 तासांचं सांगितलं तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "मिळू दे रे, पुरेपूर मिळू दे. झोप डोळ्यात नंतर येते, आधी डोक्यात येते, डोळे उघडेच राहतात आणि सिग्नल गेलेला कळत नाही." पहाटे साडेचारला अप्रोच करताना, म्हणजे विमान उतरवायला आणताना, मला हे दर वेळी आठवतं. रात्री दोन ते सहा शरीर सगळ्यात ढिलं असतं, पाच वर्षांचा अनुभव असो की पंचवीस. कॉफीने थोडा वेळ निभतं, एवढंच.

बॅचमेटचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला नियम कितीही चांगला केला तरी रोस्टरला, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाला, काय, कागदावर बरोबर बसवलं की झालं, सलग पहाटेच्या ड्युट्या, मग अचानक रात्र, तासांची बेरीज नियमात आणि माणूस बेजार. यात तथ्य आहे. आणि सोडून जायचं तर कॅप्टनला एक वर्षाचा आणि को-पायलटला सहा महिन्यांचा नोटीस पीरियड, 2017 पासून. हे मला अन्यायाचं वाटतं. सरांना नाही वाटत, ते म्हणतात एकदम पन्नास कॅप्टन निघून गेले तर प्रवाशाचं काय. यावर आमचं एकमत झालं नाही, भाकरी थंड झाली.

तर ज्यांचा मुलगा मुलगी खरंच जायचं म्हणते त्यांना माझं सांगणं, ऑर्डरचे आकडे बघून पैसे भरू नका. आधी पायलटची मेडिकल तपासणी करा, क्लास 2 आणि मग क्लास 1, त्यात अडकलं तर लाखो रुपये वाचतात. मग स्कूलमध्ये जाऊन तिथल्या शिकणाऱ्या पोरांनाच विचारा की मागच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती तास उडालात, विमानं किती चालू आणि किती हँगरमध्ये बंद, इन्स्ट्रक्टर किती. लायसन मिळाल्यावर दोन-तीन वर्षं नोकरीशिवाय काढायची वेळ आली तर घर चालेल का, हा हिशोब घरात सगळ्यांनी बसून करा, आणि तेव्हा पोरालाही बाजूला बसवा. मी महिनाअखेरीला परत येतोय, कोणाला बोलायचं असेल तर संध्याकाळी घरी या, फक्त सकाळी येऊ नका, रात्रीच्या ड्युटीवरून आलेला असेन.