आत्याची पापणी

गुरुवार, रात्री

आत्याला आत्ता कुठे झोप लागली. पापणीवरची कॅन्सरची गाठ अतिथंडीने गोठवून मारलीय, त्यामुळे उजवा डोळा सुजून पार मिटलाय. ही सूज येणारच, मग पाणी गळेल, काळी खपली धरेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी बघवत नाही.

खालच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्याजवळ, चकचकीत गाठ होती. नौपाड्यातल्या शेजारणी लवंग उगाळून लावायला सांगत. पण रांजणवाडी दुखते आणि काही दिवसांत बसते. ही दुखत नव्हती, मधेच खपली निघून रक्त यायचं, आणि तिथले पापणीचे केसही गेले होते. तुकडा तपासायला पाठवला, तर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर. "म्हणजे आता टाटाला जायचं का गं?" एवढंच आत्याने विचारलं. हा कॅन्सर शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण तसाच सोडला तर डोळ्याच्या खोबणीत शिरतो.

खरं तर आधी विचार होतो तो कापून काढण्याचा, कारण कडा तपासून कॅन्सर पूर्ण निघाला का ते कळतं. पण आत्याचं वय ऐंशीच्या पुढे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, आणि गाठ लहान, वरवरची. शिवाय अश्रू वाहून नेणारी बारीक नळी अगदी शेजारी. गोठवण्याने ती बहुधा वाचते, हे ऐकल्यावर माझं मन तयार झालं.

पापणी बधिर केली, डोळ्यावर प्लॅस्टिकचं कवच बसवलं. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, पण पेशी मरायला गाठीच्या मुळाशी साधारण उणे ३० पुरतात. ते मोजायला बारीक सुई आत टोचलेली. झटकन गोठवायचं, मग आपोआप सावकाश वितळू द्यायचं आणि पुन्हा गोठवायचं. त्या वितळण्यातही पेशी मरतात, म्हणून घाई करायची नाही. "इंजेक्शनच काय ते लागलं," असं आत्या म्हणाली.

तिला धास्ती वेगळीच. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी थोड्या थंडीनेही मरतात, त्यामुळे तिथे पांढरा डाग राहू शकतो. "लोक कोड म्हणतील गं." मी तिचा हात धरून बसले. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत, हे तिला सांगणं सोपं, पण तिच्या पिढीत कोडापायी मुलींची लग्नं मोडलेली तिने पाहिली आहेत.

मला काळजी आहे ती पुढची. गोठवलेल्या जागेतून तपासायला काहीच हाती येत नाही. कडेला पेशी उरल्या असतील तर गाठ पुन्हा दिसेल तेव्हाच कळणार. म्हणून काही वर्षं तरी तपासणी चुकवायची नाही. ऐरोलीचा दादा आणि मी पाळ्या लावून घेतल्यात. सकाळचं मलम माझ्याकडे.