देवगड ते श्रीवर्धन सामानासकट : किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ नका

आधी निकाल सांगतो, मग रडगाणं. घर हलवायचं असेल, म्हणजे गादी, कपाट, गॅस, भांडी सगळं घेऊन, तर देवगड-मालवण-वेंगुर्ल्याकडून श्रीवर्धनला किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ नका. कोणीही कितीही सांगितलं तरी नका जाऊ. फिरायला जायचं असेल तर खुशाल जा, बाईकवर जा, मस्त आहे. पण सामान भरलेला पिकअप आणि मध्ये फेरीबोटीने ओलांडायच्या तीन खाड्या हे गणित बसत नाही.

पवित्र पोर्टलवरून माझं शिक्षक म्हणून सिलेक्शन झालं आणि जिल्हा निघाला रायगड, तालुका श्रीवर्धन. घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं हे कुठे आलं. आमच्याकडची पोरं वर जातात म्हणजे थेट मुंबईला जातात, मधे कुठे उतरत नाहीत. श्रीवर्धन म्हणजे इतिहासाच्या धड्यातलं, बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव, तेवढंच. मॅप उघडला तर तोही समुद्राला लागून, आपल्यासारखाच, म्हणून आई जरा निवांत झाली.

आता सल्ले कसे मिळाले बघा. मुंबई-गोवा हायवेने जाऊ नको, लांजा-संगमेश्वर-आरवली पट्ट्यात कामं चालू आहेत, कपाटाच्या काचा राहणार नाहीत, हे सगळ्यांनी सांगितलं आणि ते खोटं नाही. मग किनाऱ्याने जा, रस्ता मोकळा, टोल नाही, सकाळी निघालास तर संध्याकाळी चहाला श्रीवर्धनात. हे सांगणाऱ्यातला एकही माणूस सामान घेऊन त्या रस्त्याने गेलेला नव्हता हे नंतर कळलं. पिकअपवाला तर म्हणाला मी दहा वेळा गेलोय. दाभोळच्या जेट्टीवरून कुठे वळायचं हे त्याला पानटपरीवर विचारावं लागलं तेव्हा मला काय ते समजलं.

भाडं ठरलं १२ हजार. सगळं धरून, असं तो बोलला. हे "सगळं धरून" लक्षात ठेवा.

पहाटे अंधारात निघालो, मी, माझा मित्र आणि ड्रायव्हर, मागे सामान आणि सामानाच्या शेजारी माझी बाईक दोरीने बांधलेली, वर ताडपत्री. जूनचा दुसरा आठवडा, शाळा १५ जूनला सुरू होतात त्यामुळे तारीख पुढे ढकलायचा प्रश्नच नव्हता. रत्नागिरीपर्यंत काही सांगण्यासारखं नाही, चांगला रस्ता. आरे-वारेचा किनारा, गणपतीपुळे, सगळं छान आहे, फोटो हजार ठिकाणी मिळतील. जयगडला पहिली फेरी, पलीकडे तवसाळ, तीही सरळ झाली. फक्त ड्रायव्हर तिकिटाच्या खिडकीपाशी माझ्याकडे बघत उभा. मी म्हटलं काय? तर "फेरीचे तुमचे ना". दिले. गुहागरला जेवलो आणि ड्रायव्हरसाहेबांनी गाडीतच ताणून दिली, उठवलं तर उठेनात. दोन तास तिथे गेले आणि त्या दोन तासांनी पुढचं सगळं बिघडवलं. धोपावे-दाभोळ दुसरी फेरी, परत माझ्याकडे बघणं, परत दिले. दापोली आली तेव्हा पाऊस सुरू झालेला.

आता मंडणगड. हे नीट वाचा कारण या पोस्टमधली कामाची गोष्ट हीच आहे.

मंडणगडहून रायगडात शिरायला दोन वाटा आहेत. मधे सावित्री नदी आहे, तीच जी महाबळेश्वरला उगम पावते आणि महाडवरून खाली येते, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री जिच्यावरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला ती. एक वाट म्हाप्रळवरून, तिथे पूल आहे, पलीकडे आंबेत, माजी मुख्यमंत्री अंतुलेंचं गाव. तिथून म्हसळा आणि म्हसळ्याहून श्रीवर्धन. खाडी पुलावरून पार, जेट्टी नाही, भरती-ओहोटीचा संबंध नाही. दुसरी वाट वेसवीला खाली उतरते, तिथून फेरीने बागमांडला, मग हरिहरेश्वर आणि श्रीवर्धन. मॅपवर दुसरी जवळची दिसते, आणि किलोमीटरने खरंच जवळची आहे. सावित्रीच्या मुखाशी असलेल्या या बाणकोट खाडीवर पुलाचं कामही काढलेलं आहे, पण अर्धे खांब पाण्यात उभे राहून वर्षं झाली, त्यामुळे फेरीशिवाय इलाज नाही.

ड्रायव्हर म्हणाला आंबेतचा पूल बंद आहे. हा पूल दुरुस्तीसाठी मधे खरंच बराच काळ बंद होता, त्यामुळे मला ते पटलं. पण आम्ही गेलो त्या दिवशी पिकअपसारख्या हलक्या गाड्या त्यावरून जात होत्या, हे मला श्रीवर्धनात आल्यावर किराणा दुकानदाराने सांगितलं, त्याचा माल त्याच दिवशी तिकडून आलेला. ड्रायव्हरला त्या वाटेने का जायचं नव्हतं देव जाणे. माझा अंदाज असा की फेरीचा खर्च माझा होता आणि डिझेल त्याचं.

तर वेसवी. मंडणगड सोडल्यावर उतार, वळणं, अरुंद रस्ता, समोरून डंपर. मागे बाईक एकदा डावीकडे कलली, एकदा उजवीकडे, प्रत्येक वेळी थांबून पावसात दोरी आवळायची. खाली पोचलो तेव्हा साडेसहा होत आलेले आणि खाडी पार खाली गेलेली. अमावस्येच्या आसपासचा दिवस. आपल्याकडचा कुठलाही रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, म्हणजे अमावस्येला नि पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी सहाला सुकती म्हणजे ओहोटी, आणि ते उधाणाचे दिवस असल्यामुळे सुकती पण जास्तच खाली. त्या दोन तासांच्या झोपेशिवाय आलो असतो तर अर्धं पाणी तरी असतं. आता जेट्टीचा उतार असा समोर उघडा पडलेला, खालच्या अंगाला चिखल नि शेवाळ, आणि त्याच्या टोकाला बोटीचा लोखंडी फळा.

कार चढल्या, बाईक चढल्या. आमच्या पिकअपला रिव्हर्सने चढायला लावलं. मागचं चाक फळ्यावर आणि पुढची चाकं शेवाळावर, क्लच जळल्याचा वास, मागे कपाट करकरतंय, मी नि मित्र पावसात चाकाला दगड लावतोय, आणि बोटीवरचे खलाशी शांतपणे "येऊ दे, येऊ दे". मागचा बंपर फळ्याला घासला. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. बाईकचा आरसा तुटला, गॅसची शेगडी दुमडली, बाकी वाचलं. खलाशांना दोष नाही, त्यांनीच शेवटी लाकडी ओंडके टाकून गाडी वर घेतली आणि त्याचे पैसे मागितले नाहीत.

पैसे मागितले ते ड्रायव्हरने. पलीकडे बागमांडल्याला उतरलो, अंधार पडलेला, गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "सर, ह्या भाड्यात माका परवडणा नाय." बंपरचे, वेटिंगचे, रात्रीच्या मुक्कामाचे, परत जाताना गाडी रिकामी जाते त्याचे, सगळं मिळून साडेसोळा. नाही तर सामान इथेच उतरवतो. रस्त्यावर, पावसात, बागमांडल्याला! मित्र हमरीतुमरीवर आला, मी म्हटलं जाऊ दे, सकाळी हजर व्हायचंय. पंधरावर तुटलं. फेऱ्यांचे वेगळे दिलेले ते धरून किती झाले हिशोब मी मुद्दाम केला नाही. आईने फोन केला, "पोचलंस काय रे?" म्हटलं पोचलो.

त्यामुळे गाडी ठरवताना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. रस्ता कुठला ते लिहा, गावांच्या नावांसकट. फेरीचे पैसे कोणाचे, परतीचं भाडं धरलंय का, रात्र झाली तर मुक्कामाचं काय, चढ-उतार कोण करणार, अ‍ॅडव्हान्स किती. अर्ध्याच्या वर अ‍ॅडव्हान्स देऊ नका, मी जास्त दिलेला आणि म्हणून तो आवाज चढवू शकला. आणि पुलाची चौकशी ड्रायव्हरकडे करू नका, आदल्या दिवशी म्हाप्रळ किंवा मंडणगडच्या एखाद्या दुकानात फोन लावा, अवजड गाडी असेल तर नक्कीच लावा.

पण खरं सांगायचं तर सामान नेऊच नका. इथे येऊन बघितलं तर गादी, शेगडी, प्लास्टिकच्या खुर्च्या सगळं माणगावला मिळतं, काही श्रीवर्धनच्या बाजारातही मिळतं, आणि पंधरा हजारात नवीन कोरं आलं असतं. माझं ते कपाट आजीचं म्हणून आणलं, ते पावसाने फुगून आता त्याचं दार लागत नाही.

सरळ मार्ग असा. कणकवलीवरून सकाळची दिवा गाडी, म्हणजे सावंतवाडीहून दिव्याला जाणारी ट्रेन, पकडायची, माणगावला उतरायचं, माणगाव स्टँडवरून म्हसळामार्गे श्रीवर्धन एसटी. दोन बॅगा, एक वळकटी, झालं. दिवा गाडी क्रॉसिंगला थांबत थांबत जाते, वेळापत्रकावर फार विश्वास नको, पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं तेही बघून घ्या. आई किंवा बहीण पोचवायला येणार असेल तर बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आजी-आजोबा ७५ च्या वर असतील तर फुकट. शनिवार-रविवारी मात्र माणगाव टाळा. बायपास रखडलेला आणि मुंबई-पुण्याची सगळी पर्यटक मंडळी त्याच एका रस्त्यावर, स्टँडपर्यंत चालत गेलात तर गाडीच्या आधी पोचाल.

खोलीबद्दल. इथेही फसवणूक आहे पण गोड आवाजात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ इथेच येऊन आदळलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, इथली रोठा सुपारी नावाजलेली, ती झाडंच गेली. पोफळ नव्याने लावली तर धरायला वर्षं लागतात, मग माझ्या घरमालकांसारख्या बऱ्याच जणांनी वाडीत खोल्या काढल्या पर्यटकांसाठी. म्हणजे खोल्या भरपूर, पण तुम्हाला मिळणार जून ते ऑक्टोबर. नाताळात आणि मे महिन्यात खोली रिकामी करून द्यायची अशी अट हळूच येते, कागदावर नसते. मला काका डिपॉझिट घेतल्यावर म्हणाले, "तेवढे आठ दिवस मित्राकडे राहाल ना सर?" मी म्हटलं इथे माझा मित्रच नाही. अकरा महिन्यांचा करार करा, त्यात मधे खोली सोडणार नाही हे लिहा, नाही म्हणाले तर दुसरी बघा. समुद्राकडची गल्ली सोडून बाजाराच्या मागे बघा, तिथे पर्यटक राहत नाहीत आणि भाडंही माणसासारखं असतं.

अजून एक म्हणजे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. आपल्याकडेही बंद असते पण आपल्याकडे खाडीचं, शेजाऱ्याच्या गरीचं काहीतरी येतं. इथे नवीन माणसाला कोण देणार? जीवना बंदरावर मोठ्या आशेने गेलो तर होड्या शाकारून ठेवलेल्या. तिरफळं घरून आणा, सुका बांगडा आणा, दोन महिने त्यावर काढायचेत. ऑगस्टनंतर मग विचारूच नका, तेव्हा राहायला आल्यासारखं वाटतं.

जिल्ह्याचं ऑफिस अलिबागला आहे आणि सुरुवातीला कागदांसाठी तिकडे जावं लागतंच. त्याला दिघीहून आगरदांड्याची फेरी आणि मुरूडवरून वर. बाईकवर, सकाळी, उजेडात, झकास रस्ता. जाताना शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने दिवेआगरपर्यंत गेलात तर मागचं सगळं माफ करावंसं वाटतं, मी जवळजवळ केलंही होतं, मग ड्रायव्हरचा मेसेज आला बंपरच्या बिलाचा.

गणपतीला घरी जायचं असेल तर आत्ताच कॅलेंडर बघा. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं, आणि माणगाववरून खाली कणकवलीला त्या दिवसात जाणारी गाडी मुंबईतच भरून येते. म्हणजे इथे येऊन सामान लावेपर्यंत तारीख निघून गेलेली असते, त्यामुळे जॉइनिंग लेटर हातात आलं की खोली बघायच्या आधी ते तिकीट काढा.