तुम्ही विचारलंत म्हणून : मानवतचं ते सगळं खरं होतं का?

गाव कुठलं असं कुणी विचारलं आणि मी परभणी जिल्ह्यातलं मानवत म्हणलं की समोरचा माणूस जरा थांबतो, मग आवाज खाली आणून विचारतो, म्हणजे ते मर्डरवालं का? आधी हे फक्त साठीच्या पुढची माणसं विचारायची. ४ ऑक्टोबर २०२४ ला सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही सिरीज आली आणि तेव्हापासून बँकेतल्या पंचविशीच्या पोरी, नणंदेची सून, सोसायटीतले काका, लग्नात पंगतीला शेजारी बसलेली अनोळखी बाई, सगळेच विचारतात. प्रश्न एकच असतो. त्यात दाखवलंय तसं खरंच झालं होतं का हो? दरवेळी दोन वाक्यात काहीतरी सांगून मी सुटते आणि नंतर मलाच कसंतरी होतं, म्हणून आता एकदाच नीट लिहिते.

तर आधी जे खरं आहे ते. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ एवढ्या काळात मानवतला दहा खून झाले. पाच मुली, साधारण दहा वर्षांच्या. एक वर्षाचं तान्हं लेकरू. आणि चार बायका, पस्तिशीच्या आसपासच्या. सुप्रीम कोर्टाच्या १९७७ च्या निकालात अगदी सुरवातीलाच हे लिहिलंय. माझा भाचा संभाजीनगरला खंडपीठात वकिली करतो, त्याने प्रिंट काढून दिली, म्हणाला आत्या तू एवढ्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचतेस तर हे पण वाच. मी वाचायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडकले, कारण मी तेव्हा सहा वर्षांची होते. म्हणजे त्या मुली माझ्या ताईच्या वयाच्या.

मला स्वतःला त्या वेळचं फार आठवत नाही. दिवेलागणीच्या आत दार लागायचं ते आठवतं. परसाकडं जायचं तर आई एकटीला सोडायची नाही, गल्लीतल्या चार बायका मिळून निघायच्या, एकीच्या हातात कंदील. ताईची शाळा मधेच काही दिवस बंद केलेली. आणि भूक आठवते. कारण ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं, आणि हे कुणीच विचारत नाही, खुनांची गोष्ट सगळ्यांना हवी असते पण ती दुष्काळात घडली हे एका वाक्यात उरकतात. जायकवाडीचं पाणी तेव्हा आमच्याकडं आलेलं नव्हतं, धरणच पुरं व्हायचं होतं. विहिरी आटलेल्या. लोक खडी फोडायला सरकारी कामावर जायचे, बाया पण, सकाळी गेलेली माय संध्याकाळी यायची. बाहेरून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सरकारी मदतीची सुकडी. माय कामावर, बाप कामावर, मग पाणी आणायला, सरपण वेचायला, शेण गोळा करायला कोण जाणार? नऊ-दहा वर्षांच्या पोरीच. त्या पोरी एवढ्या सहज एकट्या कशा सापडल्या असतील याचं उत्तर माझ्या मते तिथं आहे, गुप्तधनात नाही.

आता गुप्तधनाकडं येते कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की गावातल्या एका वजनदार माणसाला आणि त्याने ठेवलेल्या बाईला मूल हवं होतं, वाड्यातलं धन हवं होतं, आणि पिंपळावरच्या मुंजाला रक्त दिलं की दोन्ही मिळेल असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. तपासाला मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले, १९६८ मध्ये मुंबईतल्या रमण राघव या खुन्याच्या केसमुळे ज्यांचं नाव झालं होतं तेच, आणि सिरीज त्यांच्याच पुस्तकावर बेतलेली आहे. आशुतोष गोवारीकरांनी त्यांचं काम केलंय, दिग्दर्शक आशिष बेंडे.

पण पोलिसांनी आरोपी पकडले म्हणजे गोष्ट संपली असं नसतं ना. मला डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचं वेड लहानपणापासून, ग्रामीण भागातल्या लायब्ररीत दुसरं काय मिळायचं, आणि त्या सगळ्या कादंबऱ्यांमध्ये शेवटी हुशार माणूस बोट दाखवतो, गुन्हेगाराचा चेहरा पडतो, पुस्तक मिटतं. मानवतची केस तिथून पुढं तीन कोर्टात गेली. खालच्या कोर्टात जी दोघं, म्हणजे तो वजनदार माणूस आणि ती बाई, मुख्य आरोपी म्हणून दोषी ठरली, ज्यांचं नाव घेतल्याशिवाय आजही ही गोष्ट कुणी सांगत नाही, ती वरच्या कोर्टात निर्दोष सुटली. बाकी काहींच्या शिक्षा कायम राहिल्या. हे मी सांगितलं की लोकांचा चेहरा असा होतो जसं काही मी त्यांना फसवलं. अहो मग खरं काय? असं विचारतात.

ते नीट सांगायला माफीचा साक्षीदार म्हणजे काय हे सांगावं लागतं. गुन्ह्यात सामील असलेला एखादा माणूस सगळं सांगायला तयार होतो आणि त्या बदल्यात त्याला माफी मिळते. या केसमध्येही असा साक्षीदार होता. आता गंमत बघण्यासाठी आपण सिरीज लावतो तेव्हा अशा माणसाचं बोलणं म्हणजे आपल्याला डोळ्यासमोर घडलेलं दृश्यच वाटतं, कारण पडद्यावर ते दाखवतात, कंदील, पिंपळ, वाटी, सगळं. पण कोर्टात ते फक्त एका माणसाचं बोलणं असतं आणि तो माणूस स्वतःचा गळा सोडवायला बोलत असतो. न्या. यशवंतराव चंद्रचूडांनी त्या निकालात हेच सांगितलंय की नुसत्या अशा साक्षीवर शिक्षा देणं कायद्यात बसत असलं तरी कोर्टाने महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसरीकडून दुजोरा मिळतोय का हे बघायचं. ज्याच्याबाबतीत दुजोरा मिळाला त्याची शिक्षा टिकते, ज्याच्याबाबतीत नाही तो सुटतो, मग अख्खा गाव काही का म्हणेना. भाचा सांगत होता की शिक्षा सुनावण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायला पाहिजे या मुद्द्यासाठी तो निकाल वकील अजूनही दाखवतात. आमच्या गावाच्या नावाने देशभर काही चाललं असेल तर ते हे आहे, आणि मानवतमध्ये हे किती जणांना माहीत असेल मला शंका आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की दहा जीव गेले हे खरं, हाल करून गेले हे खरं, काही जणांवर गुन्हा शाबीत झाला हे खरं. त्यापुढं पिंपळाखाली नक्की काय झालं, कुणाच्या सांगण्यावरून झालं, याबद्दल जे तुम्ही पडद्यावर बघितलं तो सरकारी पक्षाचा दावा, त्यात लेखकाने भरलेले रंग. ते वाईट नाहीत पण ते रंग आहेत.

सिरीज मला आवडली का? आवडली, हे पण खरं सांगते. मकरंद अनासपुरेंना इतकी वर्षं आपण हसायलाच बघितलं, आणि इथं तो माणूस शांत बसून नुसता बघतो तरी अंगावर येतो. आपल्या भागातला माणूस असल्यामुळं बोली त्यांच्या तोंडात आयतीच आहे. सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, कुणी कमी नाही. आणि मराठीत एवढा खर्च करून, मराठवाड्यातल्या गावाचं नाव तसंच ठेवून कुणीतरी केलं याचं मला कौतुक आहे, आमच्याकडची गोष्ट म्हणलं की एरवी फक्त दुष्काळ आणि आत्महत्या एवढंच सुचतं लोकांना. काही जणांना वाटतं ही गोष्ट पहिल्यांदाच पडद्यावर आली, तसं नाहीये. अमोल पालेकरांनी दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा केला तो १९८१ चा 'आक्रीत', विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, तो याच खुनांवरून. तेव्हा आमच्याकडं तो कुणी बघितला नाही, थेटरात लागल्याचं पण मला आठवत नाही, मी खूप नंतर बघितला.

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. या केसमध्ये पारध्यांचं नाव आलं आणि ते कायमचं चिकटलं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यात पारधी आले, कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणजे मानवतच्या वीस वर्षं आधी, पण गावाच्या डोक्यातून तो रद्द झाला नव्हता आणि या खुनांनी तर लोकांना नवीन कारणच मिळालं. मी शाळेत असताना आमच्या वर्गात एक पारध्याची मुलगी आली होती. तिच्याजवळ कुणी बसायचं नाही. पोरं तिला बघून मानेवर हात फिरवायची. तिने चौथीत शाळा सोडली. तिचा त्या केसशी काडीचा संबंध नव्हता, खून झाले तेव्हा ती माझ्याएवढंच लेकरू असेल. सिरीज बघून आजची पोरं पुन्हा तेच करणार असतील तर कितीही चांगला अभिनय असला तरी मला ते नको आहे. आणि मुंजा, नवस, नरबळी हे काय फक्त अडाणी माणसांचं असतं का? धनाची हाव असलेला, शिकलेला, पैसेवाला माणूसच मांत्रिक बोलावतो, त्याला परवडतं. जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडावं लागलं, तेही त्याच्यासाठी आयुष्यभर भांडलेल्या दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यावर. मानवतनंतर चाळीस वर्षं.

अजून एक प्रश्न जोडून येतो, विशेष करून घरच्यांकडून. एवढं खुनाखुनीचं वाचतेस, बघतेस, मनावर परिणाम होत नाही का? यावर मी आधी हसून सोडून द्यायचे. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि मग मार्च २०२५ मध्ये दोषारोपपत्रातले त्यांना मारतानाचे ते फोटो मोबाईलवर फिरायला लागले, मंत्री धनंजय मुंडेंचा राजीनामा झाला ते तेव्हाच. आमच्या फॅमिली ग्रुपवर पण कुणीतरी टाकले. मी उघडले नाहीत, आधी ग्रुपवर लिहिलं की काढा हे, त्या सरपंचांच्या घरात पण मोबाईल आहेत, त्यांच्या लेकरांकडं पण हे जाणार. तर एक जण म्हणाला तुम्ही तर रोज खूनच बघता की, आत्ताच काय झालं.

त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. चांगली क्राईमची गोष्ट मला मेलेल्या माणसाकडं घेऊन जाते, तो सकाळी घरातून निघाला तेव्हा काय खाऊन निघाला, कुणाशी भांडला होता, त्याची वाट कोण बघत होतं, हे सगळं मला कळतं आणि म्हणून कुणी मारलं हे कळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. त्या फोटोत माणूस उरलेलाच नव्हता. ती केस कोर्टात आहे, आणि उद्या कुणी तिच्यावर सिनेमा काढायला निघेल याची मला आत्तापासून धास्ती आहे, निकाल लागू द्या, घरच्यांना श्वास घेऊ द्या, मग दहा वर्षांनी काढा की. मानवतला मधे पन्नास वर्षं गेली तरी अजून तिथं त्या घरांमधली माणसं राहतात.

आणि गाव म्हणाल तर गाव आज बाजारपेठ आहे. सीझनला कापसाच्या गाड्यांची रांग लागते, जिनिंग चालू असतं, हवेत सरकीचा वास. मानवत रोड स्टेशनवर उतरलं की तिथून अजून गावात जावं लागतं, पहिल्यांदा येणारा तिथंच फसतो. हे पण कधीतरी विचारत जा.

आईला मी सिरीज दाखवणार नव्हते. ती आता माझ्याकडंच असते, चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, कान चांगले आहेत. गेल्या दिवाळीत नातू लॅपटॉपवर बघत होता आणि ती त्याच्या मागं येऊन बसली, मला कळलंच नाही. दहा-पंधरा मिनिटं बघितलं असेल. मग त्याला म्हणाली, "पोरीला शोधायलेत व्हय? मंग हिची माय कुठंय? माय काऊन दिसंना?" तो म्हणाला आजी, तपास चाललाय, पोलिसांवर आहे ना ही. ती काही बोलली नाही. उठली, भिंतीला धरत हॉलमध्ये गेली आणि दाराची कडी लावून आली. दुपारचे चार वाजले होते आणि आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.